दोन विहिणी, एक बोट

मे महिन्यात माझी आई आणि माझ्या सासूबाई आमच्या आयर्लंडमधल्या, नासच्या घरी एकाच वेळी राहायला आल्या. यात कुणाचा काही डाव नव्हता. आई नागपूरच्या उन्हाला कंटाळून आली. सासूबाई खरं तर मार्चमध्येच यायच्या होत्या, पण त्यांचा व्हिसा उशिरा हातात पडला. नवऱ्याने दोघींची तिकिटं बघितली आणि म्हणाला, काय बिघडतं, एकमेकींची सोबत होईल. तो रोज सकाळी लिक्सलिपच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात निघून जातो, त्याला असं म्हणायला काय जातं.

दोघींचं वाकडं होतं असं मुळीच नाही. वाकडं असतं तर एखादं कडाक्याचं भांडण होऊन घर मोकळं तरी झालं असतं. अडचण होती ती आदराची. आमच्या लग्नाला दहा-बारा वर्षं झाली, तरी त्या एकमेकींना विहीणबाईच म्हणत होत्या. बारशाला भेटायच्या, वास्तुशांतीला भेटायच्या, साड्या द्यायच्या-घ्यायच्या आणि आई नागपूरला, सासूबाई कोल्हापूरला परत. एका छताखाली राहायची वेळ कधी आलीच नव्हती. आता आली होती, आणि तीही एकाच खोलीत, दोन पलंगांवर.

आई पहाटे उठते. पण विहीणबाईंची झोप मोडायला नको म्हणून डोळे मिटून पडून राहायची. सासूबाईही पहाटे उठतात, आणि त्याही त्याच कारणासाठी पडून राहायच्या. हे मला दोघींनी वेगवेगळं, स्वयंपाकघरात गाठून, हळू आवाजात सांगितलं. मी कुणाचं कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर दोघींना वाईट वाटलं असतं. मग सकाळी बाथरूमपुढे ‘तुम्ही आधी’, ‘छे, तुम्ही आधी’ चालायचं आणि तेवढ्यात माझी मुलगी आत शिरून कडी लावायची. जेवताना शेवटची भाकरी दोघी एकमेकींना वाढायच्या, ती ताटातून ताटात फिरायची आणि शेवटी मी खायची. त्या महिन्यात माझं वजन वाढलं ते असं.

एका संध्याकाळी टीव्हीवर हॉलंडमधल्या एका गावाचा व्हिडिओ लागला. त्या गावात रस्तेच नाहीत. घरापुढे कालवा, अंगणाला लाकडी पूल, आणि भाजी आणायची तरी बोटीतून जायचं. गवताने शाकारलेली घरं, दारात निळी-जांभळी फुलं. दोघी बघताना हळूहळू सोफ्याच्या कडेवर आल्या. सासूबाई म्हणाल्या, हे लांब हाय काय हितनं? आणि आई म्हणाली, विमानानं गेलो तर जवळच असेल, नाही का? आठवडाभरात पहिल्यांदाच दोघींना एकच गोष्ट हवी होती. आपण तिघींनीच जाऊ, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, गर्दीबरोबर नको, आपली आपली बोट घेऊ, इथपर्यंत बेत गेला. मग मला सांगावं लागलं की आयर्लंडचा व्हिसा हॉलंडला चालत नाही, तिकडचा वेगळा लागतो आणि तो भारतातूनच काढून आणायला हवा होता. दोघी एकदम समजूतदार झाल्या. आई म्हणाली, राहू दे, टीव्हीवर पाहिलंच ना. सासूबाई म्हणाल्या, तर वो, चांगलं दिसलं की. आणि परत सोफ्याला टेकून बसल्या. मला त्यांनी हट्ट केला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी हे डब्लिनजवळच्या टॅलाच्या हॉस्पिटलात, माझ्या ऑफिसात, शेजारच्या टेबलावरच्या आयरिश बाईला सांगितलं. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि मला विचारलं की तू नासला राहतेस ना, मग तुझ्या घराजवळनं जातो तो काय आहे? कालवा. मी रोज संध्याकाळी त्याच्या काठाने चालते. त्यात बदकं असतात, कधी एखादी लांबट बोट असते. पण आपण त्या बोटीत बसू शकतो हे माझ्या डोक्यात इतक्या वर्षांत आलं नव्हतं. तिनेच फोन करून दिला. शनिवारी अख्खा दिवस, बोट फक्त आपली, स्वतः चालवायची, कालव्याकाठच्या एका गावापर्यंत जायचं आणि परत यायचं.

चालवणार होता नवरा. त्याने त्यासाठी व्हिडिओ वगैरे बघून ठेवले होते. पण शुक्रवारी मुलीच्या शाळेतून मेसेज आला की तिची मॅच शनिवारवर ढकलली आहे, आणि आईवडिलांपैकी एकाने गाडी घेऊन जायचं होतं. तो म्हणाला, तू चालवशील, कारपेक्षा सोपी असते. त्याने स्वतः कधी चालवलेली नव्हती.

शनिवारी लख्ख ऊन पडलं. इथे असं ऊन पडलं की माणसं एकमेकांचं अभिनंदन केल्यासारखी बोलतात. बोटवाला मोठ्या दाढीचा, गुडघ्यापर्यंतचे बूट घातलेला होता. त्याने आम्हाला नारिंगी लाइफ जॅकेट घातली. आईच्या पंजाबी ड्रेसवर ते बरं दिसलं. सासूबाईंची इरकल साडी, पायात माझे स्पोर्ट्स शूज आणि वर ते जॅकेट, त्या एखाद्या मोहिमेवर निघाल्यासारख्या दिसत होत्या. मग त्याने मला मागच्या बाजूला उभं करून सुकाणूचा लांब दांडा हातात दिला आणि सांगितलं की डावीकडे जायचं असेल तर हा उजवीकडे ढकल, उजवीकडे जायचं असेल तर डावीकडे. घाई करू नकोस, बोट उशिरा ऐकते. प्रत्येक वाक्यानंतर तो ‘ग्रँड’ म्हणत होता. आईने हळूच विचारलं, हा काय म्हणून राहिला? मी म्हटलं, सगळं छान आहे म्हणतोय. आई म्हणाली की ज्याअर्थी इतक्यांदा म्हणतोय त्याअर्थी काहीतरी गडबड असणार.

निघालो. पहिली काही मिनिटं बोट सरळ गेली, कारण मी काहीच केलं नाही. मग कालवा थोडा वळला. मी डावीकडे जायचं म्हणून दांडा डावीकडे ढकलला, आणि आम्ही शांतपणे, अगदी सावकाश, उजव्या काठाच्या लव्हाळ्यात शिरलो. एक पाणकोंबडी ओरडत बाहेर पडली. आई म्हणाली, असू दे, पहिलीच वेळ आहे. सासूबाई म्हणाल्या, छान चालवतीस की. मी बोट मागे घेतली, दांडा जोरात उलटा ढकलला आणि आम्ही समोरच्या काठाच्या लव्हाळ्यात शिरलो. आई म्हणाली, हा काठही छान आहे. सासूबाई म्हणाल्या, तर, सावली हाय हिकडं.

तिसऱ्यांदा मी परत पहिल्या काठाला लागले तेव्हा तीच पाणकोंबडी, नुकतीच परत येऊन बसलेली, उठून उभी राहिली आणि आमच्याकडे बघत राहिली. ती ओरडलीसुद्धा नाही. सासूबाईंच्या नाकातून एक आवाज आला. त्यांनी पदर तोंडाला लावला. आईने त्यांच्याकडे काळजीने बघितलं, तिला वाटलं त्यांना मळमळतंय. मग पदराआडून तोच आवाज पुन्हा आला आणि जॅकेट गदागदा हलायला लागलं. आई एक क्षण सभ्यपणे कालव्याकडे बघत राहिली. मग तिचाही बांध फुटला. मी माझ्या आईला इतकं हसताना शेवटचं कधी पाहिलं ते मला आठवेना. लव्हाळी दोन्ही बाजूंनी डोक्यावर आली होती, इंजिन पुटपुटत होतं आणि आम्ही तिघी डोळे पुसत होतो.

सासूबाईंनी आधी श्वास घेतला. मला म्हणाल्या, “सर बाजूला. मी चालवतो.”

आई एकदम हसायची थांबली. जरा अवघडून म्हणाली, “विहीणबाई, राग मानू नका. पण इतकी वर्षं झाली, मला विचारायचंच आहे. तुम्ही ‘चालवतो’ काहून म्हणता? ‘जेवतो’, ‘येतो’, ‘झोपतो’?”

सासूबाईंना प्रश्नच कळला नाही. मग कळला. त्यांनी सांगितलं की आमच्याकडं बायका अशाच बोलतात, आई तशीच, आज्जी तशीच. त्यात काय? मग दांडा हातात घेऊन म्हणाल्या, “आता मी विचारतो. तुम्ही म्हणता, ‘मी बसून राहिली’, ‘मी खाऊन राहिली’. मला वाटायचं, ही बाई उठणार कधी आन् खाऊन संपणार कधी?”

त्यानंतर बराच वेळ बोट कोण चालवतंय याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आई ‘मी हसून राहिली’ म्हणायला जायची आणि अर्ध्यावरच कोलमडायची. सासूबाईंना बोट माझ्यापेक्षा चांगली येत होती असं नाही. पण त्या घाबरत नव्हत्या. त्या बोटीला म्हशीसारखं ओरडत होत्या, “हिकडं, हिकडं सर,” आणि बोट निदान मधोमध तरी जात होती. दोन्ही काठांच्या कुंपणांवर पांढरा फुलोरा आला होता. काठच्या पायवाटेवरून एक बाई कुत्रा घेऊन आमच्याच वेगाने चालत होती. थोड्या वेळाने ती पुढे निघून गेली.

मग लॉक आलं. कालव्याचं पाणी जिथे एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढतं, तिथे दगडी भिंतींची एक अरुंद खोली असते आणि तिला दोन्हीकडे लाकडी दारं. आत शिरायचं, मागचं दार बंद करायचं, पुढच्या दारातून पाणी सोडायचं, आणि पाण्याबरोबर बोट वर. दारं उघडायला एक म्हातारे गृहस्थ थांबले होते, बोटवाल्याने त्यांना कळवलं होतं. त्यांनी वरून विचारलं, कुठून आलात? आई म्हणाली नागपूर, सासूबाई म्हणाल्या कोल्हापूर, मी म्हटलं नास. त्यांना सगळ्यात जास्त हसू नासचं आलं.

आम्ही आत शिरलो तेव्हा विहिरीच्या तळाशी उभं राहिल्यासारखं वाटलं. दोन्हीकडे ओल्या काळ्या भिंती, वर आभाळाची पट्टी. आईने सासूबाईंचं मनगट धरलं. मग पाणी घुसळायला लागलं आणि आम्ही हलके हलके वर चढायला लागलो. भिंतीच्या कडेवर गवत दिसलं, मग गवतापलीकडे बूट दिसले, मग घडीच्या खुर्चीत बसलेला एक मासे धरणारा माणूस दिसला. त्याने सँडविचचा घास घ्यायला तोंड उघडलं होतं. त्याच्यासमोर जमिनीतून हळूहळू तीन भारतीय बायका उगवल्या, नारिंगी जॅकेट घातलेल्या, मधलीच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आईने त्याला नमस्कार केला. त्याने सँडविच डाव्या हातात घेतलं, उजवा हात कपाळाला लावून सलाम केला आणि मग घास घेतला. आम्ही दारातून बाहेर पडेपर्यंत दम धरला. त्याच्या समोर हसणं बरं दिसलं नसतं.

गाव लहानसं होतं. एक दगडी कमानीचा पूल, पाण्याकडे तोंड करून उभी घरं, एक पब, पबपुढे उन्हात बाकं, बाकांवर चार-पाच माणसं. त्या सगळ्यांच्या देखत आम्हाला बोट काठाला लावायची होती. बोटवाल्याने सांगितलं होतं की आधी एकीने दोरी घेऊन उतरायचं आणि दोरी खुंट्याला गुंडाळायची. दांडा परत माझ्या हातात आला होता. आई म्हणाली, मी उतरते, आणि ती खरोखर टुणकन उतरली, फक्त दोरी बोटीतच राहिली. मग सासूबाई दोरी द्यायला पुढे झाल्या. त्यांनी एक पाय काठावर ठेवला. दुसरा पाय बोटीत होता. आणि बोटीने, जी माझं काहीच ऐकत नव्हती, नेमकं तेव्हा काठापासून दूर जायचं ठरवलं.

हे फार हळू झालं. सासूबाईंनी खाली बघितलं. दोन पायांमधलं पाणी रुंद होत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुढे बघितलं. पबमधली माणसं उभी राहिली.

आईने दोन्ही हात पुढे केले आणि ओरडली, “अगं बाई, बघत काय राहिली? उडी मार ना गं!”

सासूबाईंनी उडी मारली. एक पाय पाण्यात गुडघ्यापर्यंत गेला, बूट तिथेच राहिला, पण आईने त्यांना जॅकेटच्या पट्ट्याला धरून ओढलं आणि दोघी गवतावर पडल्या, आई खाली, सासूबाई वर. मी घाबरून हाक मारली, काय लागलं का? दोघी उताण्या होऊन आभाळाकडे बघत पडल्या होत्या. मग मला आईचा चेहरा दिसला. पडल्याचं तिला काहीच वाटलेलं नव्हतं. आपण विहिणीला ‘अगं’ म्हणालो, सगळ्या गावासमोर म्हणालो, याने तिचा चेहरा उतरला होता. ती उठून बसली आणि म्हणाली, विहीणबाई, माफ करा, घाईघाईत तोंडातून गेलं, तुम्ही काही मनात...

सासूबाई पडल्या पडल्याच म्हणाल्या, “आता परत ‘अहो’ म्हटलीस तर तुलाच ढकलतो पाण्यात.”

आईने केसांतलं गवत झटकलं. मग म्हणाली, “ढकल बरं. मीही तुला घेऊनच पडेन.”

एवढं सगळं होईपर्यंत माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दोरी बोटीत, मी बोटीत, आणि बोट कालव्याच्या मधोमध आडवी. मी दांडा डावीकडे ढकलला, उजवीकडे ढकलला, शेवटी नुसती उभी राहिले. पबमधून दोन माणसं एक लांब बांबू घेऊन आली आणि त्यांनी मला आरामात ओढून घेतलं, जणू हे त्यांचं शनिवारचं नेहमीचंच काम होतं. काठावर माझ्या आईने आणि सासूबाईंनी हाताला हात धरून मला प्रोत्साहन दिलं. म्हणजे त्या हसत होत्या.

बूट सापडला, पण त्यात कालवा भरलेला होता. पबच्या मालकिणीने आतून फुटबॉलचे लांब पांढरे मोजे आणून दिले आणि सासूबाईंनी ते इरकल साडीखाली घातले. आम्ही बाकावर डबा उघडला. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं होतं, मालकिणीने किटलीभर चहा दिला. बांबूवाल्या दोघांनाही पुऱ्या दिल्या. त्यातला एक खाताना विचार करत होता. त्याने सांगितलं की ही वस्तू बिअरच्या पाइंटबरोबर फार चांगली जाईल, तुम्ही दर शनिवारी याल का?

ऊन अंगावर येत होतं. सासूबाई पांढरे मोजे पसरून बसल्या आणि म्हणाल्या, हॉलंडचं ते गाव ह्याच्यापेक्षा काय वेगळं असणार हाय? आदल्या दिवशीपर्यंतची माझी आई म्हणाली असती, खरंच बाई. पण ती म्हणाली, छे, काहीतरीच काय, ते किती सुंदर होतं, फुलं पाहिली नाहीस का? सासूबाई म्हणाल्या, फुलं माझ्या परसातबी हायत. आई म्हणाली, तुझ्या परसात कालवा आहे का? सासूबाई म्हणाल्या, पंचगंगा हाय. आई म्हणाली, ती काय परसात आहे? त्या अशा भांडल्या की शेजारच्या बाकावरच्या माणसाने मला खुणेने विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, ग्रँड.

परतीला बोट आईने चालवली. तिने एकदाही काठाला लावली नाही, आणि ते तिने आम्हाला पुढे पुष्कळ दिवस ऐकवलं. लॉकमधून या वेळी आम्ही खाली उतरलो. मासे धरणारा माणूस अजून तिथेच होता. त्याने उठून आम्हाला निरोप दिला आणि आम्ही त्याच्या नजरेसमोरून हळूहळू जमिनीत गेलो.

घरी पोचलो तेव्हा नवऱ्याने खिचडी टाकली होती. मुलगी मॅच हरून आली होती, पण आजीचे मोजे बघून तिला हरल्याचं विसरायला झालं. जेवताना शेवटचा पापड राहिला तो आईने सरळ उचलला आणि अर्धा मोडून सासूबाईंच्या ताटात टाकला. सासूबाई म्हणाल्या, मोठा तुकडा तूच घेतलीस. नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याने आईकडे बघितलं, स्वतःच्या आईकडे बघितलं आणि मला हळूच विचारलं की बोटीत काय झालं? मी सांगायला सुरुवात केली. पाणकोंबडीपर्यंत आले आणि पुढे मला बोलता येईना. तो वाट बघत राहिला. समोर त्या दोघीही तोंडावर हात धरून हलत होत्या.

उरलेल्या दिवसांत घरात खूप आवाज झाला. आमटीत गूळ किती, यावर वाद झाले. खोलीची खिडकी रात्री उघडी की बंद, यावर झाले. दोघी पहाटे एकदमच उठायला लागल्या आणि भांडी वाजवून आम्हालाही उठवायला लागल्या. मी कामावरून येताना दारातूनच त्यांचे आवाज ऐकायची आणि मला फार हलकं वाटायचं.

आता आई नागपूरला आहे आणि सासूबाई कोल्हापूरला. सासरच्या बातम्या मला माहेरहून कळतात. सासूबाईंनी दाताची कवळी बसवली हे मला आईने सांगितलं, आणि आईने मला न सांगता स्कूटी शिकायला घेतली हे सासूबाईंनी. रविवारी सकाळी मी फोन करते तेव्हा बहुधा दोघींचेही फोन एकाच वेळी एंगेज लागतात. मग मी चहा ठेवते आणि थोड्या वेळाने पुन्हा लावून बघते.